शेवटचा टेकू

शेवटचा टेकू निघायचा होता, म्हणून मी गॅलरीखाली जाऊन उभी राहिले. आमच्याकडे रीतच आहे: ज्याने गॅलरीचं काँक्रीट ओतलं, त्याने टेकू निघताना खाली थांबायचं. आजवर माझे वडील, अण्णा, थांबायचे. हे माझं पहिलं काम.

गेल्या महिन्यात ओतताना माणसांच्या पायांनी वरच्या सळ्या दबून तळाला गेल्या होत्या. मी मिक्सर बंद करायला लावला.

“ताई, एवढं जाड काँक्रीट हाय. सळ्या खाली गेल्या तर काय बिघडतंय?” आमचा मिस्त्री तातोबा वैतागला.

“बिघडतंय! गॅलरी पुढे झुकायला बघते, म्हणून वरून फाटते. तिथे सळी नसेल तर उरतं नुसतं काँक्रीट. दाबलं तर दगड, ताणलं तर खारी बिस्कीट. उचला सळ्या!”

सगळे चडफडत कामाला लागले. अण्णा हाताची घडी घालून नुसते बघत होते.  मी केलं ते त्यांना पटलं की नाही, हे मला अजून कळलं नव्हतं.

आता तातोबाने घण उचलला, तोच अण्णा डबा घेऊन गॅलरीखाली शिरले.

“अण्णा, बाहेर व्हा! टेकू निघतोय.”

“दिसतंय मला.” त्यांनी फतकल मारली आणि डबा उघडला. “मार रे, तातोबा.”

टेकू धाडकन आडवा झाला. मी घट्ट डोळे मिटले. उघडले, तेव्हा अण्णा भाकरी मोडत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नव्हतं.

“बस,” चतकोर माझ्यापुढे धरत ते म्हणाले, “सावली झकास पडलीय.”