खडीवरच्या पोरी

"हिच्या पायातलं कसब पहिल्यांदा मी ओळखलं," क्रीडाशिक्षक शिरोळकर सर माइकवर सांगत होते आणि शेजारी सत्काराची शाल पांघरून बसलेल्या हर्षलाची कानशिलं तापत होती. एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाने तिला बचावपटू म्हणून घेतलं, म्हणून कोल्हापुरातल्या तिच्या जुन्या कॉलेजने हा समारंभ ठेवला होता.

याच सरांनी मुलींच्या टीमला मैदानावरून हाकललं होतं. "मुलांच्या सरावात लुडबूड नको," म्हणत पार्किंगमागची खडीची जागा दाखवली होती. त्या खडीवर तबस्सुमचा गुडघा कायमचा गेला. ती हर्षलापेक्षा सरस खेळायची. आज लंगडत येऊन ती शेवटच्या रांगेत बसली होती.

हर्षला माइकपाशी गेली. "सर, आता मुली कुठं खेळतात?"

सर हसले. "आज आनंदाचा दिवस आहे, बाळ. तो विषय नंतर."

"खडीवरच," समोर बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली.

हर्षलाने शाल खुर्चीवर टाकली आणि ती तडक मैदानावर गेली. तिथे मुलांचा सराव चालला होता. एकजण बॉल घेऊन वेगाने आला, तसा तिने तो त्याच्या पायातून अलगद काढून घेतला. बॉल पायाखाली दाबून तिने हॉलच्या दिशेने हाक मारली, "पोरींनो, या गं सगळ्या."

सर धापा टाकत आले. "हर्षला, मैदान सोड. शोभतं का हे तुला?"

"तेव्हा तुम्ही जा म्हणालात आणि आम्ही गेलो, सर," ती म्हणाली. "आता आम्हाला काढून दाखवा."