मुका रेकॉर्डर

बद्रीनाथनं तिसऱ्यांदा रेकॉर्डर काउंटरवर ठेवला, तेव्हा गयासभाई एका पेटीच्या भात्याला चामडं चिकटवत होते. गुलमंडीच्या बोळातलं हे वाद्यांचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं, बोटं पुसली आणि रेकॉर्डरकडं न बघता बद्रीनाथकडं बघितलं.

"हाही मुकाच निघाला," बद्रीनाथ म्हणाला. "खालचे सूर नीट येतात. वर गेलं की बंद."

रेकॉर्डर म्हणजे पिपाणीसारखी सरळ तोंडात धरायची बासरी. वर बोटांची भोकं, मागं अंगठ्याचं एक. वैजापूरकडच्या खेड्यातून बद्रीनाथ शहरातल्या मिशनच्या शाळेत आला, वसतिगृहात राहिला आणि तिथं एका बाईंनी त्याला तो शिकवला. अभ्यासात मागं असलेला हा पोरगा रेकॉर्डरवर मात्र सगळ्यांच्या पुढं गेला. शाळा सुटली तसा रेकॉर्डरही सुटला, कारण तो शाळेचा होता. पुढं आयटीआय, मग वाळूजच्या कारखान्यात प्रेस शॉप. पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या दणक्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर बरोबरच्यांनी कुणी प्लॉट घेतला, कुणी म्हैस. बद्रीनाथनं रेकॉर्डर घ्यायचं ठरवलं. मुलाला वाटलं, आवाज रेकॉर्ड करायचं यंत्र. तो म्हणाला, ते मोबाइलमध्ये असतंच की.

बोटं काही विसरली नव्हती. तो गच्चीवर एकटा बसायचा. शाळेत सकाळी प्रार्थनेला वाजवायचे ती धून थोड्याच दिवसांत बसली. अर्धी. दुसरी ओळ वर चढायची आणि तिथं रेकॉर्डर गप्प व्हायचा. पहिल्यांदा गयासभाईंनी काही न बोलता बदलून दिला. दुसऱ्यांदा बदलून देताना म्हणाले, वरच्या सुरांना अंगठा अर्धाच सरकवा, सवय गेली असेल. ते बद्रीनाथला लागलं. अंगठा कसा सरकवायचा हे त्याला दुकानदारानं सांगायची गरज नव्हती. आज माल खराब आहे असं चार गिऱ्हाइकांसमोर कबूल करून घ्यायचंच, असं ठरवून तो आला होता.

गिऱ्हाईक एकच होतं. शाळेसाठी खंजिऱ्या बघायला आलेल्या एक बाई.

गयासभाईंनी रेकॉर्डर फडक्यानं पुसला, तोंडाला लावला आणि खालून सुरुवात केली. सूर एकेक पायरी चढत गेले. बद्रीनाथ त्यांच्या बोटांवर नजर ठेवून होता. बोटं सुटत गेली, अंगठा अर्धा सरकला आणि नेमका तिथं आवाज गेला. गयासभाई मात्र थांबले नाहीत. बोटं चालतच राहिली. ते वर गेले, परत खाली आले आणि खालच्या सुरांवर आवाज पुन्हा सुरू झाला.

"बघा," बद्रीनाथ म्हणाला. "तुमच्याच हातानं."

साक्षीसाठी त्यानं बाईंकडं बघितलं. बाईंनी दोन्ही कान हातांनी झाकून घेतले होते.

गयासभाईंनी रेकॉर्डर हळूच खाली ठेवला.

"बद्रीभाऊ," ते म्हणाले, "सगळे वाजले."

बद्रीनाथनं बाईंच्या कानांवरच्या हातांकडं पुन्हा बघितलं. कारखान्यात कानात घालायला बोळे मिळायचे. ते खिशात राहायचे, कारण घातले की सुपरवायझर काय म्हणतो ते कळायचं नाही. वर्षातून एकदा कान तपासायचे. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडं डॉक्टरनं कळ फिरवली की त्याचा खांदा हलायचा. बद्रीनाथ खांदा बघून बटण दाबायचा. नापास झालेल्यांना दुसऱ्या खात्यात टाकत आणि त्याला आपलं प्रेस सोडायचं नव्हतं. तो दरवर्षी पास झाला.

रेकॉर्डर परत घेऊ का, असं गयासभाईंनी विचारलं. बद्रीनाथनं तो पिशवीत घातला आणि निघाला. सिडकोतल्या घरापर्यंत त्यानं स्कूटर अगदी कडेकडेनं चालवली. मागून कोण कोण हॉर्न देत असेल आणि त्यातलं आपल्यापर्यंत किती पोचत असेल, याचा त्यानं आज पहिल्यांदा विचार केला.

त्याची बायको सारजाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. तो तिच्यासमोर खाली बसला.

"मला वरचे सूर ऐकू येत नाय," तो म्हणाला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

कधीपासून, असं त्यानं विचारलं. धाकटीच्या लग्नापासून, ती म्हणाली. मांडवात पोरगी लाजत लाजत नवऱ्याचं नाव घेत होती आणि यांनी मधेच पाणी मागितलं. मग सांगितलं का नाही, असं त्यानं विचारलं. सांगितलं होतं. बऱ्याचदा सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. शेवटी तिनं सांगायचं सोडलं आणि आवाज वाढवला. गच्चीवरचं सगळं तिला खाली ऐकू येत होतं. पिपाणी घेऊन दुकानात जातायत तर जाऊ द्यावं, परक्या माणसाकडून कळलेलं बरं, असा तिनं विचार केला होता.

"गल्लीत मला भोंगा म्हणतात," ती म्हणाली. "हे तरी ठाऊक हाय का?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. वय झालं की बायकांचा आवाज चढतो, अशी त्याची समजूत होती.

 मग तो म्हणाला, उद्या जाऊन रेकॉर्डर परत देऊन टाकतो. सारजाबाईनं नको म्हणून मान हलवली आणि पिशवीकडं बोट केलं.

त्यानं रेकॉर्डर काढला आणि धून धरली. पहिली ओळ झाली. दुसरी चढायला लागली आणि आवाज गेला. या वेळी तो थांबला नाही. अंगठा सरकला, बोटं जिथं पडायची तिथं पडत गेली, छातीतला वारा जात राहिला. ऐकू काहीच येत नव्हतं, म्हणून तो तिच्या तोंडाकडं बघत वाजवत होता. तिचे हात मेथीत थांबले होते. धून संपली. तिचे ओठ जरासे हलले.

"काय?" तो म्हणाला.

सारजाबाईनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "वरचा शेवटचा सूर फाटला. परत वाजवा."