पुठ्ठ्याचं विमान

"सहा महिने दिले होते. नीट विचार केलात?" न्यायाधीश मॅडमनी विचारलं.

"व्हय," सुकन्या म्हणाली.

"व्हय," तिच्या मागं उभा असलेला तिचा नवरा, सिदू म्हणाला. संसारात त्यानं इतक्या पटकन तिचं कधी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी घटस्फोटाची फाइल चाळली. भांडी परत झाली होती, दागिने परत झाले होते. फक्त मॅडमची सही राहिली होती. मग एक फोटो आला आणि पेन थांबलं.

"हे काय?"

"लग्नाचा पुरावा, मॅडम," वकील बापूसाहेब उठले. "लग्न लॉकडाऊनमधलं. सगळ्या फोटोंत मास्क. नवरा कोण, भटजी कोण, कळत नाही. दोघांचे चेहरे दिसतात असा हा एकच. लग्नानंतरच्या गड्ड्याच्या जत्रेतला."

फोटोत पुठ्ठ्याचं विमान होतं. खाली रंगवलेले ढग, ढगांतून डोकावणारा स्टुलाचा पाय. पुढं वैमानिकाच्या जागी सुकन्या, मागं सिदू. सुकन्यानं एक हात मागं नेऊन त्याचा शर्ट घट्ट धरला होता.

"शर्ट का धरलाय?"

"ह्ये भ्याले हुते."

"स्टूल हलत हुतं की," सिदू म्हणाला. "फोटोवाल्यानं इचारलं, ताई, विमान कुटं न्यायचं? तर ही म्हणली, कुर्डुवाडीला."

"मग? तितनं म्होरं रेल्वे हाय की," सुकन्या म्हणाली.

क्लार्कनं खोकल्यासारखं केलं. मॅडम गंभीर राहिल्या. त्यांना त्याचाच पगार होता.

"मॅडम, फोटू परत मिळंल का?" सुकन्यानं विचारलं.

"निकालानंतर अर्ज केला तर मिळेल."

"कुणाला?" सिदूनं विचारलं.

"मागेल त्याला."

"मग मी मागतो."

"मी आदी मागितला!"

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही लिहून दिलंय, कोणत्याही वस्तूवरून वाद उरलेला नाही. वाद असेल तर मला सही करता येणार नाही."

बापूसाहेबांनी फोटोचा मोबाइलवर फोटो काढायचं सुचवलं. दोघांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि वर बटण लावलं.

शेवटी क्लार्कनं ड्रॉवरमधून कात्री काढली. "मधोमध कापू? ताईंना पुढचा भाग, ह्यांना शेपूट."

कात्री उघडली, ढगांवर टेकली.

"थांबा," सिदू म्हणाला. "विमान पडंल की."

कुणी हसलं नाही. पुढं उभ्या सुकन्याचा हात नकळत मागं गेला. शर्टापर्यंत पोचायला वीतभर कमी पडला.