एकच हॅन्डल

वादळाचा भोंगा वाजायला लागला तसं आर्डिसने आधी स्वयंपाकघरातल्या खिडकीचं हॅन्डल उपसून एप्रनच्या खिशात टाकलं, मग ओव्हनमधून बटाट्याच्या कॅसरोलचं भांडं उचललं. महिन्यातल्या पहिल्या बुधवारी भोंग्याची चाचणी असते, तेव्हा कुणी मान वर करत नाही. आज शनिवार होता. बाहेर आकाश मटारच्या सूपसारखं हिरवं झालं होतं.

घरभर खिडक्या आणि हॅन्डल ते एकच. जुन्या मोटारीची काच खाली करतात तसं ते खुंटीवर बसवून गरागरा फिरवायचं, की खिडकी दारासारखी बाहेर उघडते. बाकीची हॅन्डलं पडद्यांना अडतात म्हणून आर्डिसनेच काढली होती, आणि इतकी जपून ठेवली होती की ती आता तिलाही सापडत नव्हती.

तिचा नवरा व्हर्लिन झोपायच्या खोलीतून चष्मा पुसत आला. टोर्नेडो यायच्या आत खिडक्या उघडायला हव्यात, नाहीतर कोंडलेल्या हवेने घर फुग्यासारखं फुटतं, असं त्याला त्याच्या बापाने सांगितलं होतं. बापाने खिडक्या उघडल्या होत्या आणि घर वाचलं होतं. गोठा गेला, पण गोठ्याला खिडक्याच नव्हत्या. यावर कोण काय बोलणार? खिडक्या सोडा आणि तळघरात जा, असं रेडिओवरचा माणूस वर्षानुवर्षं सांगत आला होता, पण तो काही व्हर्लिनच्या बापाला ओळखत नव्हता.

शिवाय व्हर्लिनचा हात सावकाश. त्याने साखर ढवळायला घेतली की कॉफी गार व्हायची. एक खिडकी उघडेपर्यंत आर्डिसची सगळी भांडी विसळून होत. हॅन्डल नसलं तर खिडकी उघडणार नाही, आणि खिडकी उघडली नाही तर नवरा खाली येईल, असा तिचा साधा हिशोब होता. तसं ती त्याला सरळ सांगूही शकली असती. पण त्या गावात माणसाला तोंडावर 'खाली चल, मरशील' म्हणणं म्हणजे आगाऊपणा.

"खाली जरा गार आहे," ती जिन्याच्या तोंडाशी म्हणाली.

"बरं आहे की," व्हर्लिन म्हणाला आणि हॅन्डल शोधायला त्याने ओट्याखालचा पहिला खण उघडला.

तळघराला वर, बाहेरच्या जमिनीलगत, हातभर काच होती. तिच्यातून शेजारच्या लोवेलचे पाय दिसत होते, पांढऱ्या मोज्यांसकट. भोंगा झाला की लोवेल घडीची खुर्ची घेऊन हिरवळीवर बसायचा आणि वादळ उत्तरेकडून जाईल असं सगळ्यांना सांगायचा. आर्डिस भांडं मांडीवर घेऊन बसली. वर खण उघडत होते, मिटत होते. व्हर्लिन चमचे एकेक करून ओट्यावर मांडत होता, हे तिला आवाजावरून कळलं.

लोवेलचे पाय गेले. खुर्ची राहिली.

आर्डिसने मग मनाचा हिय्या केला आणि हॅन्डल आपल्याकडे आहे असं ओरडून सांगितलं.

व्हर्लिन लगोलग खाली आला, म्हणजे त्याच्या मानाने लगोलग. शेवटच्या पायरीवर उभं राहून त्याने हात पुढे केला. रागावला नव्हता. हरवलेली वस्तू सापडली की माणूस खूश होतो, तसा खूश होता.

ती म्हणाली, कॅसरोल गरम आहे, बस. तो म्हणाला, आधी खिडक्या, मग निवांत खाऊ. तिने खिशातून हॅन्डल काढलं. तळघराच्या कोपऱ्यात पाणी उपसायच्या पंपाचा खड्डा होता. तिने हात लांब केला आणि हॅन्डल त्यात सोडून दिलं.

डुबुक.

दोघांनी बराच वेळ त्या काळ्या पाण्याकडे पाहिलं. एवढं भांडण त्यांच्या संसारात पूर्वी झालं नव्हतं.

"पक्कड वर आहे," व्हर्लिन अखेर म्हणाला. "पकडीनेही फिरते." आणि तो वळला.

"व्हर्लिन, मरशील."

तो जिन्यावर थांबला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशी इतकं सरळ बोलली होती, आणि तो लाजला. "असं काय बोलतेस, अगं," तो हळूच म्हणाला. "आलोच." जाताना त्याने जिन्याचं दार ओढून घेतलं, तिला वारा लागू नये म्हणून.

थोड्या वेळाने वरून आवाज आला. किर्र. मग थांबणं, पक्कड सोडून पुन्हा धरणं. किर्र. झोपायची खोली झाली असावी. किर्र. आता बहुतेक खोल्यांमधल्या बोळातली. आर्डिसने काचेकडे पाहिलं. खुर्चीही नव्हती.

दिवा गेला. भोंगा मध्येच घसा बसल्यासारखा बंद पडला. तिच्या कानांना दडे बसले, आणि लांबून मालगाडी येत असल्याचा आवाज झाला. गावात रूळ नव्हते.

मग वर पुन्हा किर्र सुरू झालं. झोपायच्या खोलीत, बोळात, स्वयंपाकघरात, सगळीकडे एकदम. आर्डिसने मांडीवरच्या भांड्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. पक्कड एकच होती, आणि व्हर्लिनचा हात जन्मात कधी इतका भरभर चालला नव्हता.