सैल दोर

खाडीला ओहोटी लागली आणि मुलाच्या फ्लॅटमध्ये धाकू तांडेलांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. कौलं वाहणारा त्यांचा मचवा विकून वर्ष झालं होतं, तरी पाणी उतरू लागलं की जीव थाऱ्यावर राहत नसे. धक्क्याला बांधलेल्या मचव्याचा दोर तेव्हा सैल सोडावा लागतो, नाहीतर मचवा कलंडतो, माल फुटतो.

"मामंजी, मचवा विकला ना आपण?" सून म्हणाली.

"मला कळतंय गं. हातांना कोण सांगणार?"

सुनेने त्यांना गॅलरीत नेलं आणि कपड्यांच्या दोरीची गाठ दाखवली. तांडेलांनी ती सोडली, दोरी हातभर ढिली करून पुन्हा बांधली, तेव्हा कुठे खाली टेकले.

ओल्या साड्या फरशीवर लोळू लागल्या. भरती येईपर्यंत सुनेने त्या तशाच राहू दिल्या.