उजवी कळी

“आबा, ऑपरेशन करायचं?” शेखरनं विचारलं.

“व्हय,” भिवाजी म्हणाले.

“की नको करायला?”

“व्हय.”

झालं. गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. भिवाजींच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती, आणि बोलण्याचा सगळा कारभार त्याच बाजूला असतो म्हणे. शब्द एकेक करून गेले आणि उरला एवढा ‘व्हय’. चहा हवा का, व्हय. चहा नको का, व्हय. देवीची आरती मात्र ते अजून अख्खी म्हणायचे, एक अक्षर न चुकता. गाणं उजव्या बाजूला असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

डॉक्टरांनी दुसरंही सांगितलं होतं. गाठ काढली तर आबा काही वर्षं जगतील, पण राहिलंसाहिलं बोलणं जाईल, माणसं ओळखतीलच असंही नाही. नाही काढली तर जेमतेम दिवाळी बघतील. काय ते ठरवा आणि आज संध्याकाळपर्यंत फोन करा.

शेखर हिंजवडीत एका कंपनीत आकड्यांचंच काम करायचा. त्यानं आणखी दोघा डॉक्टरांना विचारलं, सगळं तपासलं, आडवंतिडवं मांडून बघितलं. हिशेब प्रत्येक वेळी एकच निघाला, ऑपरेशन. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त त्याला काहीच वाटत नव्हतं. भीती नाही, रडू नाही. तो मीटिंगा करायचा, डबा खायचा, पाठ टेकली की झोपून जायचा. बाप असा पडलेला असताना आपल्याला झोप लागतेच कशी, याचीसुद्धा लाज वाटेनाशी झाली होती. माणूस असा दगड झाला की बरं असतं म्हणतात. कसलं बरं?

मोठी बहीण रेश्मा कासारसाईहून आली ती चप्पल न काढताच म्हणाली, “तुजं गणित झालं असंल तर आता देवीला इचारू.”

“ताई, प्लीज. आबांचं ऑपरेशन कळ्यांवर ठरवायचं?”

“आख्ख्या गावाचं कळ्यांवरच ठरिवलंय आबांनी. आता त्यांचं ठरवायचं तर तुला लाज वाटती व्हय?”

तिचंही खोटं नव्हतं. रिहे गावातल्या वाघजाईचं पुजारपण भिवाजींच्या घरात होतं. पोरीला स्थळ पसंत करायचं, म्हैस विकायची, बोअर कुठं मारायचं, लोक येऊन कौल मागायचे. भिवाजी देवीच्या दोन्ही अंगांना ओली कळी चिकटवायचे. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पडलेल्या कौलापुढं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा कौल त्यांच्या उलटा पडला आणि रस्त्याकडेचं रान धाकट्याला गेलं. भिवाजींनी चकार शब्द काढला नाही. त्या रानात आज कुणाचं तरी फार्महाऊस आहे, पोहायच्या तलावासकट.

वाद घालायचाही शेखरला कंटाळा आला होता. “चल,” तो म्हणाला.

दोघांनी आबांना व्हीलचेअरसकट उचलून देवळात नेलं. दुपारी तिथं चिटपाखरू नव्हतं. कौल लावायला कुणी नव्हतं, कारण लावणारा खुर्चीत बसला होता. मग शेखरनंच तगरीच्या दोन कळ्या तोडल्या, पाण्यात बुडवल्या आणि लहानपणी आबांनी शिकवलं होतं तशा चिकटवल्या. हात विसरले नव्हते.

“आई, आबांचं आपरेशन करायचं असंल तर उजवी दे. नसंल तर डावी.”

किती वर्षांनी तो असं गावातलं बोलला होता. आता तरी आपल्याला काही वाटेल, निदान ही पडावी, ती पडू नये असं तरी, म्हणून तो मनात चाचपून बघत राहिला. आत सगळी सामसूम होती. रेश्मा तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. भिवाजी कळ्यांकडं बघत होते. जन्मभर त्यांनी हेच बघितलं होतं, फक्त आजवर पणाला त्यांचा स्वतःचा जीव कधी नव्हता.

बऱ्याच वेळानं उजवी कळी सरकली आणि खाली पडली.

रेश्मानं हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. “घे. देवीबी तुज्यासारकंच म्हंती.”

शेखरला हायसं वाटलं. म्हणजे हिशेब बरोबर होता. गणित तेच सांगत होतं, देवीही तेच, ताईही राजी. आता आपण एकट्यानं ठरवलं असं कुणी म्हणणार नाही, तो स्वतःसुद्धा. त्यानं खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांचा नंबर लावला. घंटी वाजायला लागली.

“न्हाई.”

शेखरला वाटलं, बाहेरून कुणी बोललं. रेश्मा आधी वळली. मग तोही वळला. पलीकडून डॉक्टर हॅलो हॅलो करत होते आणि त्यानं फोन कानापासून खाली घेतला. पुष्कळ दिवसांनी त्याला कुठंतरी दुखत होतं.

“आबा,” तो कसाबसा म्हणाला, “काय म्हणालात?”

भिवाजी त्याच्याकडं बघतही नव्हते.

“न्हाई,” ते देवीला म्हणाले.