बरगडीवरचा अभिप्राय

बहिणीच्या त्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. जाडजूड ग्रीक शब्दकोशात ते वर्षानुवर्षं घडी घालून पडलेलं होतं. आज नेमका तोच कोश टेबलावर उघडा होता आणि समोर बहिणीचा नवरा बसला होता.

‘दादा,’ तिनं लिहिलं होतं, ‘परवा यांनी मला उंबऱ्यावर ढकललं. बरगडी मोडली. डॉक्टरांना सांगितलं, पाय घसरून पडले. हे म्हणतात, देवानं पहिली बाई पुरुषाच्या बरगडीतूनच काढलेली, तेव्हा मोडली ती माझीच, तुझं काय गेलं? तू जुनी ग्रीक शिकवतोस. बायबलात खरंच तसं आहे का रे? लवकर कळव.’

मास्तरांनी तिथला ग्रीक शब्द त्याच संध्याकाळी कोशात काढला. त्याचे दोन्ही अर्थ होते: बाजू, आणि बरगडी. खात्री झाल्याशिवाय लिहायचं कसं, म्हणून त्यांनी दुसरा कोश मागवला, मग आणखी एक. मास्तरांची खात्री उभ्या आयुष्यात कशाचीच झाली नाही. बहीण गेल्या वर्षी गेली.

भावजी चर्चमध्ये उपदेशक होते. लग्न लावताना नवऱ्या मुलाच्या छातीवर टिचकी मारून ते म्हणत, “इथून काढलीय बरं का ही!” आणि सगळी मंडळी हसत. त्या प्रवचनांचं आता पुस्तक निघायचं होतं. त्यात बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतराचे दाखले पानोपानी दिलेले, म्हणून प्रकाशन मंडळानं ग्रीक जाणणाऱ्याचा अभिप्राय मागितला होता. आसपास तसा माणूस एकच.

“दोन ओळी खरडा, मेव्हणे. ‘दाखले बरोबर आहेत.’ संपलं! तुमचं नाव शेवटच्या पानावर बारीक टायपात येईल. तुम्हाला तसंच आवडतं.”

मास्तरांनी हस्तलिखिताचं पहिलं पान उलटलं. अर्पणपत्रिका होती. ‘माझ्या बरगडीस.’

“कशी वाटली?” भावजी पुढे झुकले. “लिहिताना रडलो हो मी.”

मास्तरांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

“अभिप्राय बंद पाकिटात द्यायचा ना?”

“बंद पाकिटात. मंडळाचा नियम म्हणजे नियम. भर बैठकीत अध्यक्ष स्वतः पाकीट फोडणार आणि असेल ते सगळं मोठ्यानं वाचणार. लेखकानं तोवर उभं राहायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तुमची बहीण असती तर म्हणाली असती, चला, यांना गप्प करणारं कुणीतरी भेटलं!” भावजी पोट धरून हसले.

“मध्येच थांबवता येत नाही?”

“देवालाही नाही.”

मास्तर लिहायला बसले. एरवी खोडाखोड केल्याशिवाय त्यांची ओळ पुढे सरकत नसे. आज लेखणी कुठे अडली नाही. हा शब्द बरगडीलाही लागतो, हे खरं, असं त्यांनी लिहिलं. पण त्याच भाषांतरकारांनी वेदीच्या बाजूंनाही तोच लावला आहे, आणि त्रिकोणाच्या बाजूलाही ग्रीक लोक तोच लावत. अख्ख्या बाजूचं एक हाड करा, अशी सक्ती ग्रीक भाषा करत नाही. ज्याच्या सोयीचं असेल तो करतो.

मग पुढचा शब्द. बाई घडवली ती ‘साहाय्यक’ म्हणून, आणि साहाय्यक म्हणजे हाताखालची, असं भावजींनी ठासून सांगितलं होतं. मास्तरांनी लिहिलं, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हाक ऐकून धावत येणारा. स्तोत्रांत तो खुद्द देवासाठी आला आहे.

इथं मात्र लेखणी थांबली. हा अर्थही त्यांनी बहिणीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी वाचला होता. हाक टेबलावर पडली होती आणि ते कोश चाळत बसले होते.

त्यांनी तेही लिहिलं.

भावजी खिडकीच्या काचेत स्वतःला न्याहाळत होते. मान किंचित खाली, हात पुढे बांधलेले. बैठकीत कसं उभं राहायचं याची तालीम चालली होती.

आक्षेप घेतला तर सोबत मूळ आधार जोडावा, असाही मंडळाचा नियम होता. मास्तरांनी कोशातून बहिणीचं पत्र काढलं, अभिप्रायाला टाचणीनं जोडलं आणि पाकीट चिकटवलं. कोपरे अंगठ्यानं नीट दाबले.

“बरंच लिहिलंत की!” भावजींनी पाकीट हातात तोलून पाहिलं.

“तुमच्याबद्दल लिहायचं म्हणजे थोडक्यात कसं भागेल?”

भावजी खूश झाले. “टपालात मीच टाकतो. तुमच्यावर सोपवलं तर न्यायाच्या दिवशी पोचेल. तुमची बहीण म्हणायची, दादाला पत्र लिहिण्यापेक्षा विहिरीत दगड टाकलेला बरा. निदान आवाज तरी येतो.”

भावजी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, तेव्हा मास्तर दारातून म्हणाले, “भावजी, नीट उभं राहून ऐका.”

“ऐकणार म्हणजे! नवे बूट घालून!”

मास्तर खिडकीशी आले. खाली रस्त्याच्या कडेला टपालपेटी होती. टपालवाले ती नुकतीच रिकामी करून गेले असावेत. पाकीट फटीत अडलं, तसं भावजींनी ते अंगठ्यानं आत रेटलं आणि वर बघून हात हलवला.

पाकीट तळाशी पडल्याचा आवाज वरच्या खिडकीपर्यंत आला.